‘हे म्हणणे खरे आहे की…’

मराठीत साक्ष नोंदवली जाते तेव्हा उलटतपासातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर एका ठरलेल्या साच्यात उतरतं. ‘हे म्हणणे खरे आहे की…’ किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की…’. वकील विचारतो, साक्षीदार अडखळत काहीतरी सांगतो, न्यायाधीश त्याचं सार टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर या दोनपैकी एक वाक्य उमटतं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मी तेवीस वर्षं वकिली करते आहे. हा साचा कसा वापरायचा ते मला चांगलं येतं. तो वापरून माझ्या हातून एकदा जे घडलं, तिथूनच सुरुवात करते.

सर्पदंशाची केस होती, जिल्हा ग्राहक आयोगापुढे. शेतात घोणस चावलेला माणूस संध्याकाळी तालुक्याच्या गावातल्या एका लहान खासगी दवाखान्यात आणला, तिथून रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी हलवला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मी त्याच्या बायकोची वकील. डॉक्टरांचा उलटतपास घेण्याची परवानगी मिळाली होती. माझ्या हातात सर्पदंशाच्या उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना होत्या, हव्या त्या पानांना चिठ्ठ्या लावलेल्या. विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या दहा कुप्यांनी सुरुवात करावी, असं त्यात आहे. डॉक्टरांनी सहा दिल्या होत्या.

‘सूचनांमध्ये दहा कुप्या लिहिल्या आहेत, बरोबर?’

‘हो.’

‘तुम्ही सहा दिल्यात.’

‘हो, पण त्या रात्री…’

‘सहा दिल्यात की नाही, एवढंच सांगा.’

‘दिल्या.’

कागदावर आलं : ‘हे म्हणणे खरे आहे की, मी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दहा कुप्या न देता सहाच कुप्या दिल्या.’ निकाल आमच्या बाजूने लागला.

काही महिन्यांनी तेच डॉक्टर दुसऱ्या कामासाठी कोर्टात आले होते. व्हरांड्यात भेटले. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. म्हणाले, ‘मॅडम, त्या रात्री अख्ख्या गावात सहाच कुप्या होत्या. दोन माझ्याकडे, चार मेडिकलवाल्याकडे. त्या दिल्या, गाडी काढायला लावली आणि जिल्ह्याला फोन करून पुढच्या तयार ठेवायला सांगितल्या.’ मी विचारलं, हे केसपेपरवर का नाही लिहिलंत? ते म्हणाले, ‘रुग्ण समोर असताना लिहीत बसू?’

त्यांचं म्हणणं पडताळून पाहायला माझ्याकडे आता काही साधन नाही. खरं असेल, नसेलही. पण केसपेपरवर त्या तीन ओळी वेळेसकट असत्या, तर मी तो प्रश्न विचारलाच नसता. आणि आयोगापुढे ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मीच ते बंद केलं होतं. त्या ‘पण’च्या पुढे काय होतं, याचा मी अजून विचार करते. डॉक्टरांच्या आणि आम्हा वकिलांच्या व्यवसायात मार्गदर्शक सूचना कुठपर्यंत चालतात आणि कुठे थांबतात, हा प्रश्न मला तरी त्या एका शब्दात दिसतो.

सूचनांच्या विरोधात मी बोलते आहे असं कुणी समजू नये. सर्पदंशाच्याच सूचना घ्या. लहान मुलाला प्रतिविष किती द्यायचं? बाकी सगळी औषधं वजनावर देणारा डॉक्टर इथेही हात आखडता घेणार. पण मूल लहान असलं म्हणून सापाने विष कमी सोडलेलं नसतं, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्यायच्या, असं सूचना सांगतात. हे कुणाला आपसूक सुचणारं नाही. किंवा वीस मिनिटांची ती साधी चाचणी : काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष फसतो. यंत्र नसलेल्या, वीज गेलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते आणि माणसं वाचतात. कित्येक डॉक्टरांनी कित्येक मृत्यू पाहून जे शिकलं, ते चार ओळींत नवख्या डॉक्टरच्या हाती पडतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेंग्यूने गेलेल्या एका महिलेच्या प्रकरणात जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेऊन रुग्णालयाला निष्काळजी ठरवलं आणि पंधरा लाखांची भरपाई दिली. तिच्या रक्ताच्या तपासण्या जितक्या वेळा व्हायला हव्या होत्या तितक्या झाल्या नव्हत्या. तो निकाल मला पूर्ण पटतो. सूचना नसत्या तर तिच्या घरच्यांनी कशाकडे बोट दाखवलं असतं?

पण सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक रुग्ण असतो आणि दारात येतो तो वेगळाच असतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार होतं. सह्याद्रीत चापडा हा वेगळाच विषारी साप चावून आलेल्या माणसाला या प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या तरी त्या विषावर त्यांचा उतारा नाही. साप कोणता हे घाबरलेल्या नातेवाइकांना सांगता येत नाही. तिथे डॉक्टरने काय करायचं, हे शेवटी डॉक्टरच ठरवतो, आणि सूचनांचं पुस्तक टेबलावर उघडं राहतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या वेळी तर पुस्तकच नव्हतं. १९७६ मध्ये ते आताच्या रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावून माणसं मरत होती, विशेषतः मुलं, आणि कशाने मरतात यावर वैद्यकाच्या पुस्तकांत फारसं काही नव्हतं. बावस्कर रुग्णांपाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, श्वासाची घरघर हे सगळं वेळ घालून लिहीत गेले. त्यातून दिसलं की विषामुळे हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं आणि माणूस त्याने जातो. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. १९८६ मध्ये त्याबद्दलही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण एकाच्या जवळ आलं. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रतिविष आणि प्राझोसिन यांच्या एकत्रित वापराची त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, तोवर प्राझोसिन हाच विंचूदंशाचा रूढ उपचार झाला होता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत आहे आणि ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी वकील असल्यामुळे मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. प्राझोसिन दिलेल्या पहिल्या काही मुलांपैकी एखादं दगावलं असतं आणि कुणी खटला भरला असता, तर कायद्याने त्यांना काय संरक्षण दिलं असतं? वैद्यकीय निष्काळजीपणाबाबत आपल्याकडचा मुख्य निकाल २००५ चा, जेकब मॅथ्यू खटल्यातला. त्यात न्यायालयाने १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलम खटल्याची कसोटी उचलून धरली : डॉक्टर जे करतो ते त्या काळच्या जबाबदार डॉक्टरांपैकी काहींना मान्य असेल, तर केवळ दुसरा मार्ग होता म्हणून त्याला दोषी धरायचं नाही. डॉक्टरांना ऊठसूट तुरुंगात टाकू नये यासाठी हा निकाल फार गरजेचा होता. पण नवा उपचार पहिल्यांदा करणारा माणूस या कसोटीवर एकटाच उभा असतो. त्याच्या बाजूने बोलायला ‘जबाबदार डॉक्टरांचा गट’ अजून तयार झालेला नसतो. बावस्करांना वाचवलं असतं ते त्यांच्या वहीने. दर तासाला काय दिसलं आणि म्हणून काय केलं, हे त्यांनी त्या त्या वेळी लिहिलेलं होतं. त्यांच्या प्रयोगाचं ज्ञान झालं तेही त्या लिहिण्यामुळेच. तेच औषध तसंच देऊन कुणी काही लिहिलं नसतं, तर आज ती एका गावातली ऐकीव गोष्ट उरली असती.

तर मग सगळं डॉक्टरांच्या विवेकावर सोडावं का? मुळीच नाही. हे बोलताना माझ्या मनात बलात्काराच्या खटल्यांतली वैद्यकीय प्रमाणपत्रं आहेत. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्या निकालात डॉक्टरच्या अहवालातलं वाक्य आहे, दोन बोटं सहज आत जातात या अर्थाचं. त्या अहवालावरून ती मुलगी ‘शरीरसंबंधांना सरावलेली’ ठरली. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि त्यातून पुढे १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. पण ती दोन बोटं कुठे गेली नाहीत. ती डॉक्टरांच्या शिक्षणात होती, न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत होती, छापील नमुन्यात त्या चाचणीचा रकाना होता. २०१० मध्ये सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला, नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली, मुंबईत ‘सेहत’ ही संस्था पालिका रुग्णालयांत वेगळी, माणुसकीची पद्धत रुजवत होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर घाला आहे असं म्हटलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या, त्यांतही ती करू नये असं स्पष्ट होतं. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि ती अभ्यासक्रमातून काढा.

२०१४ च्या सूचना येऊन कित्येक वर्षं झाल्यावरही एका सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात तो रकाना भरलेला मी स्वतः पाहिला आहे. भरणारी डॉक्टर तरुण होती, स्त्री होती. तिच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. छापील कागदावर रकाना होता, तिने तो भरला. सूचना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होत्या आणि नमुना तिच्या टेबलावर होता. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी तिला कुणी एकच गोष्ट लिहायला लावली असती, ‘या तपासणीतून मला काय कळणार आहे?’, तर त्यापुढे लिहिण्यासारखं काही तिला सापडलं नसतं. बलात्कार झाला की नाही हे त्यातून कळत नाही, हे कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. रकान्याने उत्तर मागितलं. कारण मागितलं असतं तर ती बोटं तिथेच थांबली असती.

सूचना लिहिणारेही कारण लपवतात. कोविडच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली : आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्हींत काही फायदा नाही. प्लाझ्मा राष्ट्रीय सूचनांमधून निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, महाराष्ट्रात लोक प्लाझ्मा देणारा शोधत रात्र रात्र फोन फिरवत होते. आपल्याच चाचणीनंतर सात महिने तो सूचनांमध्ये का ठेवला, याचं कारण सूचनांमध्ये नव्हतं.

आता माझ्या घराकडे येते. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. अटक का गरजेची आहे याची यादी पोलिसाने भरून द्यायची, दंडाधिकाऱ्याने ती वाचून आपलं समाधान नोंदवायचं. हेतू हाच होता, कारण लिहायला लावणं. त्याचं आज काय झालं आहे ते कुठल्याही तालुका कोर्टात सकाळी अकराला येऊन पाहावं. रिमांड रिपोर्ट वाचा : ‘आरोपी मोकळा राहिल्यास फरार होण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, पुराव्यात ढवळाढवळ करण्याची शक्यता आहे.’ कालच्या चोरीत हीच वाक्यं, आजच्या भांडणात हीच, उद्याच्या फसवणुकीतही हीच असतील. एका आरोपीला दोन्ही पाय नव्हते, त्याच्याही रिपोर्टमध्ये फरार होण्याची शक्यता होती. कारण मागणारी सूचना आली आणि आम्ही कारणाचाच छापील नमुना करून टाकला. २०२२ मध्ये सत्येंदर कुमार अंतिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच बजावावं लागलं.

रुग्णालयातल्या संमतिपत्राची हीच गत आहे. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने सांगितलं की उपचार, त्यातले धोके, दुसरे पर्याय हे रुग्णाला समजेल असं सांगून संमती घ्या. आपल्याकडे पेशंट स्ट्रेचरवर असताना नातेवाइकाच्या हातात कागद येतो, ‘सर्व धोके मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत’, आणि खाली अंगठा.

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट अतिदक्षता विभागातली आहे. तिथे वैद्यक आणि कायदा एकाच खाटेभोवती उभे असतात. केईएम रुग्णालयात बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या आणि तिथल्या परिचारिकांनी जपलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा सांगितलं की कृत्रिम आधार काढून घेण्याची परवानगी उच्च न्यायालय देऊ शकेल. त्यांच्या बाबतीत ती दिली नाही, आणि परिचारिकांचं म्हणणं मानलं, हे मला योग्यच वाटतं. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने पुढचं पाऊल टाकलं : सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी सविस्तर सूचना दिल्या. त्या वाचल्या की कायद्याची भीती अक्षराअक्षरात दिसते. आपल्यावरचे उपचार कधी थांबवावेत हे माणसाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. रुग्णालयाच्या मंडळात वीस वर्षांचा अनुभव असलेले किमान तीन तज्ज्ञ हवेत. मग जिल्हाधिकाऱ्याने दुसरं मंडळ नेमायचं, त्यातही वीस वर्षांचे तज्ज्ञ. आणि शेवटी दंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं. आमच्या जिल्ह्यात मेंदूविकाराचा वीस वर्षांचा तज्ज्ञ एक तरी आहे का? आमचे दंडाधिकारी दिवसाला शंभराच्या आसपास प्रकरणं चालवतात, ते खाटेपाशी कधी येणार?

गैरवापर होऊ नये म्हणून ही कुंपणं घातली होती, आणि इस्टेटीसाठी बापाचा श्वास थांबवणारी मुलं मी पाहिली नसली तरी तशी असू शकतात हे मला माहीत आहे. पण वाट बंद झाली म्हणून माणसं थांबली नाहीत. ती दुसऱ्या दाराने गेली. त्या दाराला रुग्णालयात ‘डामा’ म्हणतात : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. म्हातारीला व्हेंटिलेटर लावून अठरा दिवस झालेत, जमीन गहाण पडली आहे, डॉक्टर हळूच बाजूला घेऊन सांगतात की आता काही होण्यासारखं नाही. मग मुलगा सही करतो, ‘डॉक्टरांनी समजावूनही मी माझ्या जबाबदारीवर नेत आहे.’ रुग्णवाहिकेत श्वास देणारा फुगा, म्हणजे अँबू, हाताने दाबत घरापर्यंत नेतात आणि अंगणात फुगा सोडतात. केसपेपरवर लिहिलेलं असतं : नातेवाइकांच्या विनंतीवरून. डॉक्टरने सांगितलेलं खरं कारण कुठेच नसतं. आणि त्या मुलाच्या मनात आयुष्यभर राहतं की सही आपण केली. माझ्या ओळखीच्या एका माणसाने मला विचारलं होतं, ‘ताई, मी आईला मारलं का हो?’ डॉक्टरांच्या सहीचा एक कागद त्याच्याजवळ असता, आता उपचार थांबवणं का योग्य आहे हे लिहिलेला, तर त्याने हा प्रश्न मला विचारला नसता.

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने स्वतःच्या सूचना बदलल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो. दोन्ही मंडळं रुग्णालयातच बसतात, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून ते जाहीर केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. सर्वोच्च न्यायालयाने आपली सूचना खाटेपाशी चालत नाही हे ऐकून घेतलं आणि बदलली, हे या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तरी तालुक्यात आजही ‘डामा’च चालतो, कारण तिथल्या कुणाला २०२३ ची बातमी पोचलेली नाही आणि पोचली असली तरी सही करायचं धाडस नाही.

धाडस का नाही, याचं उत्तर आम्ही वकील आहोत. लिहिलेलं कारण उद्या कुणीतरी वकील हातात धरून ‘हे म्हणणे खरे आहे की…’ म्हणून सुरुवात करेल, ही भीती डॉक्टरांना वाटते आणि ती रास्त आहे. तशी सुरुवात मीही केली असती.

आणि आम्हाला कोण विचारतं? १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही. वकिलाच्या वर्तनासाठी बार कौन्सिलचे नियम आहेत. जाहिरात करू नये, निकालावर ठरलेली फी घेऊ नये, ज्या प्रकरणात आपण साक्षीदार आहोत त्यात उभं राहू नये, आलेलं काम नाकारू नये. सगळे चांगले नियम आहेत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे बार संघटनांचे ठराव बेकायदा ठरवले, तेही योग्यच. पण जामिनाच्या सुनावणीआधी अशिलाशी तुरुंगात जाऊन बोलावं, असा नियम कुठे आहे? एखादा साक्षीदार न तपासता सोडून दिला तर का सोडला हे फाइलवर लिहावं, असं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तारखेला गैरहजर राहिल्याने कुणी आणखी तीन महिने आत राहिलं, तर त्याचं कारण विचारणारा कागदच नाही. डॉक्टरांच्या केसपेपरवर मी ज्या ओळी शोधते, त्या माझ्या स्वतःच्या फायलींत नाहीत. डॉक्टरांना २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपावी लागतात आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावी लागतात. माझ्या अशिलाने माझ्याकडे ‘माझ्या खटल्यात तुम्ही काय काय केलंत आणि का’ हे लेखी मागितलं तर मी काय देईन?

म्हणून मला ग्राहक आयोगांकडून आणि न्यायालयांकडून एक गोष्ट हवी आहे. सूचना सोडल्याचा आरोप आला की पहिला प्रश्न, त्या वेळी त्या जागी कारण काय लिहिलं होतं, हा असावा. त्या क्षणी लिहिलेल्या, वेळ घातलेल्या कारणाला वजन द्यावं. ते कारण नंतर चुकीचं ठरलं तरी. आणि कारण नसेल तर सूचना पाळणाऱ्यालाही विचारावं, कारण डोळे मिटून दहा कुप्या देणारा आणि डोळे मिटून रकाना भरणारा यांत मला फरक वाटत नाही. वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण दोन ओळींना लागतो तेवढा वेळ नातेवाइकांची सही घ्यायलाही लागतो, आणि ती आपण कधी चुकवत नाही. नर्सने लिहिलं तरी चालेल. उलटतपासात साक्षीदाराचा ‘पण’ पूर्ण नोंदवून घ्यायचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांना आजही आहे. तो त्यांनी वापरावा. आम्ही वकील हरकत घेऊ. घेऊ द्यावी.

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आली. नवरा मण्यार चावून गेला होता, एका ग्रामीण रुग्णालयातून पुढे नेताना वाटेतच. तिला कुणीतरी सांगितलं होतं की केस होते. मी कागद मागवले. केसपेपरच्या मागच्या बाजूला, घाईच्या अक्षरात, निळ्या शाईत होतं : ‘रा. २.४०. पापण्या मिटताहेत, गिळता येत नाही. १० कुप्या सुरू. इथे व्हेंटिलेटर नाही. जि. रु. फोन केला, खाट आहे म्हणाले. सिस्टर सोबत, अँबू देत नेतील. थांबलो तर श्वास जाईल, नेलं तर वाटेत जाऊ शकतो. नेतोय.’

मी तिला समोर बसवून ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा झाल्यावर ती म्हणाली, ‘परत वाचा.’ मी परत वाचलं. मग तिने विचारलं, हे त्याच रात्री लिहिलंय का? मी म्हटलं, हो, वेळ घातली आहे. ती थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला. मग म्हणाली, ‘याची एक झेरॉक्स द्या मला. घरी ठेवते.’